'माझं पाहून शीक' असं कुणाला कसं म्हणायचं?

मागच्या_बाकावरून (प्रश्न)

ख्रिस्तात सलाम. प्रश्न जरा लांब आहे. थोडक्यात विचारला तर उत्तरात नुसती वचनं येतील, आणि ती मला पाठ आहेत.

मंडळीतल्या तरुणांचा एक छोटा गट माझ्याकडे दिला आहे. देताना पाळकसाहेब एवढंच म्हणाले, "शिकवायची घाई करू नकोस. तुझं पाहून शिकू दे त्यांना." तेव्हा बरं वाटलं. मी हिशेबाच्या नोकरीतला माणूस. दिवसभर आकड्यांशी गाठ, चार लोकांसमोर उभं राहिलं की वाक्य मध्येच तुटतं. शिकवायचं नाही म्हटल्यावर सुटलो असंच वाटलं.

आता अडचण ऐका. गटातला सगळ्यात धाकटा मुलगा माझ्यासारखी प्रार्थना करायला लागला आहे. सारखी म्हणजे हुबेहूब. मी "प्रभू, तू जाणतोस" म्हणतो आणि थांबतो, कारण पुढचं सुचत नाही. तोही "प्रभू, तू जाणतोस" म्हणतो आणि तेवढाच थांबतो. मी शास्त्र वाचताना पेन्सिलीने खुणा करतो, तर त्यानेही पेन आणायचं सोडलं. इतरांना गंमत वाटते, त्याच्या आईला कौतुक. मला धडकी भरते. हा पोरगा माझा आवाज उचलतोय, पण माझा राग, माझा आळस, माझं लोकांना टाळणं हेही उचलणारच ना?

दुसरी गोष्ट. कोणी आपल्याकडे बघतंय हे एकदा कळलं की ते विसरता येत नाही. गटात डोळे मिटले की मी देवाशी बोलतोय की पोरांना ऐकवतोय, याचा माझा मलाच पत्ता लागत नाही.

डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू सांगतो, तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या, त्यांनी तुमची सत्कर्मं पाहावीत (मत्तय ५:१६). पान उलटलं की तोच सांगतो, लोकांनी पाहावं म्हणून धर्माचरण करू नका (६:१). प्रेषित पौल तर मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांत सरळ म्हणतो, माझं अनुकरण करा. करिंथकरांना म्हणतो, फिलिप्पैकरांना म्हणतो, थेस्सलनीकाकरांना म्हणतो. आणि ज्या अध्यायात फिलिप्पैकरांना हे सांगतो त्याच अध्यायात, थोडं आधी, 'मी अजून पोहोचलेलो नाही' असंही सांगतो (३:१२, १७). न पोहोचलेल्या माणसाने 'माझ्यामागे या' कसं म्हणावं?

तर विचारायचं हे की पोरांना माझं काय दिसू द्यावं आणि काय झाकून ठेवावं? आणि त्या मुलाला टोकावं का?

एक विनंती. "स्वतःकडे नको, फक्त येशूकडे बघायला सांगा" असं कृपया लिहू नका. बरोबरच आहे ते. पण गटाच्या वेळी समोरच्या खुर्चीत मी बसलेला असतो.

---

आजीचा_चष्मा

बाळा, आधी पोराचं बघू, कारण तुझ्या डोक्यातल्या गुंत्याला वेळ आहे, त्याच्या वयाला नाही.

टोकू नकोस. अक्षर गिरवणारं मूल आधी वळण उचलतं, वाचायला नंतर शिकतं. मी संडे स्कूलमध्ये आयुष्य घालवलं. माझ्या हाताखालच्या कितीतरी मुली वर्षभर माझ्यासारख्या मान हलवून गायच्या आणि मग त्यांचा स्वतःचा गळा सापडायचा. ज्यांनी कधीच कुणाचं काही उचललं नाही, त्यांची मला जास्त काळजी वाटायची.

पण त्याला एक सांग. एकटा गाठून सरळ सांग, "मी तिथे थांबतो कारण मला पुढे सुचत नाही." बास. त्यावर बोधपर दोन वाक्यं जोडू नकोस. तुझ्या थांबण्यात त्याला काहीतरी पवित्र दिसतंय. तिथे अडलेला माणूस आहे हे त्याला कळू दे. अडलेला माणूस प्रार्थना सोडून उठत नाही, हेही त्याला आपोआप कळेल.

आता काय दाखवावं आणि काय झाकावं. लूक ११ काढ. प्रभू एका ठिकाणी प्रार्थना करत होता. त्याचं संपेपर्यंत शिष्य थांबले आणि मग त्यातला एक म्हणाला, आम्हाला शिकव. त्याने कुणाला 'या, बघा' म्हणून बोलावलं नव्हतं आणि लपूनही बसला नव्हता. त्यांनी पाहिलं, त्यांना हवंसं वाटलं, त्यांनी मागितलं, मग शिकवणं आलं. आपण बहुतेकदा उलट्या बाजूने सुरुवात करतो.

आणि धरला जाण्याआधीच्या रात्री, गेथशेमाने बागेत? तिथे त्याने तिघांना जवळ घेतलं आणि माझा जीव अति खिन्न झाला आहे म्हणून सांगितलं. पेत्र, याकोब, योहान. रूपांतराच्या डोंगरावर, जिथे त्याचा चेहरा तेजाने झळकला, तिथेही हेच तिघं होते. ज्यांना तेज दाखवलं त्यांनाच व्याकूळ चेहराही दाखवला. आमच्याकडच्या पुढाऱ्यांना डोंगर दाखवायला आवडतो. बागेची वेळ आली की 'प्रकृती ठीक नाही' असा निरोप येतो.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण देते, तुझ्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे. त्यांनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन, म्हणजे विधवांसाठी निवासी शाळा, काढलं आणि पुढे ते पुण्याला नेलं. तिथे कुणाला धर्म शिकवायचा नाही असं ठरलेलं होतं. रमाबाईंनी तसं शिकवलंही नाही. पण त्या स्वतःच्या खोलीत लेकीबरोबर प्रार्थना करायच्या आणि खोलीचं दार उघडं असायचं. मुली येऊन बसू लागल्या. १८९३ साली यावरून मोठा वाद झाला, सल्लागार मंडळातल्या नामवंतांनी अंग काढून घेतलं, पालकांनी मुली काढून नेल्या. दार उघडं ठेवणं म्हणजे शिकवणं का, यावर लोक आजही भांडतील. मला एवढंच दिसतं की त्या बाईंनी दार लावून घेतलं असतं तर त्रास वाचला असता, आणि त्यांनी ते लावलं नाही. तुझा नियमही तोच ठेव. दारात उभं राहून हाका मारायच्या नाहीत, आणि कडीही लावायची नाही.

माझं स्वतःचं सांगते. मी नर्स होते. मंडळीत एक वयस्क बाई होत्या, त्यांना कसलं पद नव्हतं. कोणी आजारी पडलं की त्या भेटायला जायच्या आणि मला सोबत न्यायच्या. वाटेत काही शिकवायच्या नाहीत, फक्त दारापाशी एखादं वाक्य. "उभं राहायचं नाही, बसायचं. उभा माणूस निघायच्या घाईत दिसतो." "त्याला मान वळवावी लागणार नाही अशा जागी बस." "देवाची इच्छा म्हणायचं नाही. ते त्याला म्हणू दे, म्हणायचं असेल तर." प्रार्थना त्या विचारून करायच्या आणि इतकी छोटी करायच्या की मला पहिल्यांदा वाटलं, विसरल्या की काय. हॉस्पिटलात मी रोज माणसं हाताळत होते, पण आजाऱ्यापाशी कसं बसावं हे मला त्यांनी शिकवलं. त्या बाईंनी मला एकही धडा दिला नाही. त्यांच्या पाठोपाठ जाऊन मी शिकले.

तेव्हा तुझा गट गोल करून बसतो ही खरी अडचण आहे. गोलात बसल्यावर एकमेकांचे चेहरेच दिसणार. कामाला घेऊन जा. मार्क ३:१४ मध्ये प्रभूने बारा शिष्य निवडले ते आधी त्याच्याबरोबर असावेत म्हणून, पाठवणं त्याच्या नंतर आहे. पोरगा तुझ्याबरोबर काम करेल तेव्हा तो तुझ्याकडे कमी बघेल आणि कामाकडे जास्त. तुझी धडकीही निम्मी होईल.

---

रात्रपाळी

आजींचं पटतं, पण मी थोडं कडू लिहिणार आहे.

मी एक मंडळी सोडून आलोय. नाव सांगत नाही, गरज नाही. तिथले मुख्य पुढारी दर उपासनेत 'माझं जीवन उघडं पुस्तक आहे' म्हणायचे. त्या पुस्तकातली ठरावीक पानंच उघडी होती. किती वाजता उठतात, किती अध्याय वाचतात, किती उपास करतात, सगळं आम्हाला पाठ. त्यांच्याकडे दानाचे पैसे कसे खर्च होतात हे विचारलं की मात्र विश्वास कमी पडला असं ठरायचं. म्हणून 'कित्ता' हा शब्द ऐकला की मी आधी हिशेबाची वही मागतो.

(प्रश्नकर्ते स्वतः हिशेबवाले आहेत म्हणून त्यांना हे कळेल.) पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतली आणि कारणही लिहून ठेवलं. या मोठ्या रकमेबाबत कुणी आपल्याला बोल लावू नये, आणि जे चांगलं ते देवापुढेच नाही तर माणसांपुढेही चांगलं असावं (२ करिंथ ८:२०-२१). माणसांपुढे दिसायला हवं असं पौलाने म्हटलं ते नेमकं कुठे? पैशाच्या बाबतीत. थेस्सलनीकातही तसंच. पोट भरून घ्यायचा हक्क असताना रात्रंदिवस काबाडकष्ट केले, कशासाठी, तर तुम्हाला कित्ता मिळावा म्हणून (२ थेस्सल ३:८-९). इफिसच्या वडिलांचा, म्हणजे मंडळीतल्या ज्येष्ठ पुढाऱ्यांचा, निरोप घेताना तर हातच पुढे केले. या हातांनी माझ्या आणि माझ्या सोबत्यांच्या गरजा भागवल्या, असं म्हणाला (प्रेषित २०:३४). राहुट्या शिवणाऱ्याचे हात ते, गुळगुळीत नसणार. त्या भाषणात 'मी किती प्रार्थना केल्या ते आठवा' असं नाही. अश्रू आहेत, हात आहेत, दारोदार फिरणं आहे.

आता तुमच्या भीतीबद्दल. आपले दोष उचलले जातील ही भीती खरी आहे, ती घालवू नका. गलती २ वाचा. पेत्र अंत्युखियात परजातीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब (बागेतला नव्हे, दुसरा), त्याच्याकडची माणसं आली आणि तो हळूहळू मागे सरला. तोंडाने काही चुकीचं शिकवलं नाही त्याने. फक्त पंगत बदलली. आणि बाकीचे यहूदी त्याच्यामागे गेले, अगदी बर्णबासुद्धा ओढला गेला. बर्णबा! ज्याने शेत विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी आणून ठेवले, ज्याने शौलाचा, म्हणजे याच पौलाचा, हात धरून त्याला प्रेषितांकडे नेलं. असा माणूसही मोठ्याचं बघून घसरला.

मग उपाय काय? पौलाने पेत्राला सगळ्यांसमोर तोंडावर सुनावलं. म्हणून माझा प्रश्न वेगळा आहे. तुम्ही चांगले आहात की नाही यात मला रस नाही. गटासमोर तुम्हाला कोणी 'हे चुकलं' म्हणू शकतं का? असा कोणी नसेल तर आधी तो शोधा. पुढे त्याच पेत्राच्या नावाच्या पत्रात वडिलांना सांगितलंय की कळपावर धनीपणा करू नका, कित्ते व्हा (१ पेत्र ५:३). अंत्युखियात सगळ्यांसमोर ऐकून घेतलेल्या माणसाच्या नावाने ते वाक्य येतं, म्हणून मी ते ऐकून घेतो. उघड्या पुस्तकवाल्यांकडून ऐकलं नसतं.

---

समासातली_टीप

आजींच्या लूक ११ वर एक शंका. मत्तय ६ मध्ये प्रभूने गुप्त ठेवायला सांगितलेल्या गोष्टी तीनच आहेत, दानधर्म, प्रार्थना आणि उपास. तिन्ही देवाशी संबंधित, तिन्हींत दिखाव्याला भरपूर वाव. मत्तय ५ मध्ये लोकांना दिसू द्या म्हटलंय ती सत्कर्मं. त्याआधीची यादी बघा. दयाळू, शांती करणारे, नीतिमत्त्वासाठी छळ सोसणारे. तेव्हा वाटणी स्वच्छ आहे. भक्ती खोलीत, सेवा रस्त्यावर. प्रश्नकर्त्यांनी गटात मोठ्याने प्रार्थना करणंच थांबवावं, मुलांना करू द्यावी.

---

आजीचा_चष्मा

समासातली टीप, वाटणी इतकी स्वच्छ असती तर मंडळीत कुणी तोंडच उघडलं नसतं. योहान १७ पूर्ण अध्यायभर शिष्यांसमोर केलेली प्रार्थना आहे. लाजराच्या कबरेपाशी प्रभू तर स्पष्ट म्हणतो की भोवती उभ्या असलेल्या लोकांसाठी मी हे बोललो (योहान ११:४२). आणि दान गुप्त असावं हे खरं, तरी विधवेच्या दोन टोल्या (अगदी क्षुल्लक नाणी) त्यानेच शिष्यांना बोलावून दाखवल्या. तिने दाखवल्या नाहीत. आपण दाखवणं आणि दुसऱ्याने पाहणं यात मोठं अंतर आहे.

मोठ्याने प्रार्थना थांबवू नको, बाळा. आखूड कर. लोकांसमोरची आखूड आणि एकांतातली लांब, एवढा एकच हिशेब सांभाळ.

रात्रपाळी, तुमचं कडू औषधासारखं लागलं. घेतलं.

---

समासातली_टीप

योहान ११ चा मुद्दा मान्य. वाटणीची ओळ मागे घेत नाही, पण तिच्यात एक दार ठेवतो.

भरीला एक नाव देतो, पौलाचा तरुण सोबती तीमथ्य. पौल करिंथकरांना 'माझं अनुकरण करा' म्हणतो आणि लगेच पुढच्या वाक्यात म्हणतो, म्हणूनच तीमथ्याला पाठवलंय, तो तुम्हाला माझे मार्ग आठवून देईल (१ करिंथ ४:१६-१७). स्वतः जाता येत नाही तर पत्रावर भागवलं नाही, सोबत राहिलेला माणूस पाठवला. आणि त्या माणसाला काय माहीत होतं? तीमथ्याचं नाव पहिल्यांदा येतं ते लुस्त्रात. त्याच लुस्त्रात त्याआधी पौलाला दगडमार झाला होता, मेला समजून गावाबाहेर ओढून टाकलं होतं, आणि तो उठून परत त्याच गावात शिरला होता (प्रेषित १४:१९-२०). शेवटच्या पत्रात पौल त्याला हेच आठवून देतो. लुस्त्रात माझं काय झालं ते तुला ठाऊक आहे. माझ्या प्रवचनांची यादी तो देत नाही.

'न पोहोचलेल्या माणसाने माझ्यामागे या कसं म्हणावं' याचं उत्तर मला तिथे दिसतं. पोहोचलेल्याच्या मागे जाताच येत नाही, तो थांबलेला असतो.

---

मागच्या_बाकावरून

सगळ्यांचे आभार. सगळं एकदम पचणार नाही, पण काय झालं ते सांगतो.

मुलाला सांगितलं. म्हणालो, मी तिथे थांबतो कारण मला सुचत नाही. तो चक्क हिरमुसला. "म्हणजे तुम्ही ऐकत नसता?" असं विचारलं. त्याला वाटत होतं की देव मला त्या वेळी काहीतरी सांगतो. काय उत्तर द्यावं कळेना. "कधी कधी ऐकायचा प्रयत्न असतो, बहुतेकदा अडलेलो असतो," म्हणालो. पुढच्या वेळी त्याने प्रार्थनाच केली नाही. मला वाटलं तोडलं मी पोराला. त्याच्या नंतरच्या वेळी केली. गडबडीत, दोन वाक्यं, त्यातलं एक त्याच्या बहिणीच्या परीक्षेबद्दल. माझ्यासारखी अजिबात नव्हती.

रात्रपाळी, तुमच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं माझ्याकडे. गटात मला टोकणारं कोणी नाही, मुलं लहान आहेत आणि पाळकसाहेब त्या वेळी दुसरीकडे असतात. मंडळीत एक वडील आहेत, माझं आणि त्यांचं फारसं जमत नाही. ते प्रत्येक सभेत माझ्या अहवालातल्या चुका काढतात. त्यांना विचारलं, महिन्यातून एकदा येऊन बसाल का आणि काय खटकलं ते मला सांगाल का. ते हो म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की थोडी भीतीच वाटली.

आता आजी, तुमच्याकडे काम आहे. मंडळीतले एक आजोबा अंथरुणाला खिळलेत, मुलाला घेऊन जायचा विचार आहे. पण त्याला एकट्याला नेऊ का? आणि तिथे त्याला काय करायला सांगू?

---

रात्रपाळी

आजींच्या आधी मी. एकट्याला नेऊ नका. कोणत्याही अल्पवयीन मुलाला एकट्याला कुठेही नेऊ नका, कितीही चांगल्या कामासाठी. दोघं न्या, घरच्यांना आधी विचारा, कुठे आणि किती वेळ ते सांगा. आपण चांगले आहोत म्हणून नियम शिथिल करणारी माणसं मी पाहिली आहेत.

---

आजीचा_चष्मा

रात्रपाळी बरोबर बोलले. दोघांना ने, आणि आईला जमत असेल तर तिलाही ने.

आजोबांना आधी विचार. अंथरुणावरच्या माणसाला न सांगता आलेले पाहुणे नको असतात, त्याला केस विंचरायचे असतात. जेवणाच्या आणि औषधांच्या वेळा टाळ. पंधरा मिनिटांच्या वर बसू नको, ते 'बसा बसा' म्हणाले तरी. त्यांना ऐकायला कमी येत असेल तर पोरांना आधीच सांग, नाहीतर ती घाबरून गप्प बसतील.

पोरांना करायला काही सांगू नकोस. फार तर एखादं स्तोत्र वाचायला दे, लहानसं. २३ वं नको, ते आजोबांना सगळे जण वाचून दाखवत असतील. १२१ वं दे. प्रार्थना आजोबांनाच करायला सांग, पोरांसाठी. बरं वाटण्यासाठी लोक रोज त्यांच्यासाठी मागतात, त्यांच्याकडे कोणी काही मागत नसेल.

बाहेर आल्यावर लगेच समजावून सांगायला लागू नको. आधी त्यांना विचार, काय दिसलं. तुला जे दिसलं नाही ते एखादा सांगेल.